गच्चीवरचा रोजगार

नागपुरातल्या गांधीबागच्या कापड बाजारात वीज गेली की पहिलं नुकसान रंगाचं होतं. इथले जुने गाळे तोंडाशी अरुंद आणि आत खोल. मागच्या फळीपर्यंत ऊन पोचत नाही. राणी कलर आणि गुलाबी, मोरपंखी आणि हिरवा यांतला फरक दिसेनासा झाला की गिऱ्हाईक ताका हातात घेऊन उजेडासाठी दाराशी जातं, आणि दाराशी गेलेलं गिऱ्हाईक पुष्कळदा समोरच्या दुकानात शिरतं. मी वायरमन म्हणून इथे कामाला लागलो तेव्हा एका म्हाताऱ्या शेठजींनी हे मला समजावून सांगितलं होतं. विजेचं बिल किती आलं ते मुनीमजींना विचारावं लागे; पण काल दुपारी दोन तास लाइट नव्हती तेव्हा किती माल फळीवरच राहिला, ते त्यांना तोंडपाठ असे. पुढे मी परवाना काढला, ठेकेदारी सुरू केली, माणसं ठेवली. आता काही वर्षं छतावरच्या सोलरचं काम जास्त करतो. विजेच्या सुधारणेतून कोणाला काय मिळतं हा प्रश्न आला की मी अजून त्या शेठजींच्याच रीतीने हिशेब मांडतो. थांबलेलं काम किती, ते आधी बघायचं.

२००५च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाची महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशी विभागणी झाली. ती वर्षं भारनियमनाची होती. तूट राज्यभर होती, आणि ती वाटून घेताना ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त तिथे अंधाराचे तास जास्त, असा नियम आला. त्यामागचं कारण मला कळत होतं. तरी नेमाने बिल भरणारा आणि तारेवर आकडा टाकणारा एकाच फीडरवर असतात, आणि फीडर बंद केला की दोघेही अंधारात बसतात, हे रोज बघताना जीव तुटायचा.

बाजाराने मग आपापली सोय केली. दुकानांपुढे रॉकेलवर चालणारे छोटे जनसेट आले, पोटमाळ्यांवर इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या आल्या. नंगा पुतळा चौकातून आत वळलं की उन्हाळ्याच्या दुपारी धुराने डोळे चुरचुरत. माझ्या हाताला काम भरपूर होतं: चेंजओव्हर बसवा, बॅटरीत पाणी घाला, तीन-चार वर्षांनी तीच बॅटरी भंगारात काढून नवी आणा. पण ते काम कशाचं होतं, ते नीट बघायला हवं. लाइनवरून घेतलेली वीज बॅटरीत भरून पुन्हा बाहेर काढेपर्यंत तिचा चांगला चौथा-तिसरा हिस्सा उष्णतेत जातो. लाइट आल्याबरोबर सगळ्या बाजाराच्या बॅटऱ्या एकदम ओढ घेत, त्यामुळे आधीच तापलेल्या डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, आणखी भार पडे आणि फ्यूज उडे. बाजाराने स्वतःवर बसवून घेतलेला तो कर होता. तो रॉकेलवर गेला, शिशावर गेला. त्यातून एक ताकाही जास्त विकला गेला नाही. माझं घर त्या कामावर चाललं, आणि तरीही ते काम कमी झालं याचा मला आनंद आहे. बिघाडावर जगणारा रोजगार शहराला मोठं करत नाही.

विजेचं जाळं सुधारायला सुरुवात झाली तेव्हा गांधीबाग हे नाव एकदम चर्चेत आलं. मे २०११मध्ये महावितरणने नागपूरचे गांधीबाग, महाल आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग वितरण फ्रँचायझीकडे सोपवले आणि सप्टेंबर २०१९मध्ये ते परत स्वतःकडे घेतले. त्या आठ वर्षांवर शहरात खूप वाद झाले. मी त्या वादात शिरत नाही, कारण मला सांगायचं आहे ते तारांबद्दल, आणि तारांचं काम एका कंपनीच्या किंवा एका सरकारच्या कारकिर्दीत मावत नाही.

भालदारपुरा, हंसापुरी, चितार ओळ या भागातल्या जुन्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना उघड्या तारांचं जाळं आठवत असेल. गॅलरीत वाळत घातलेला कपडा वाऱ्याने उडाला तर तारेवरच जायचा. डीपी एका टोकाला आणि शेवटचं घर दूर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे संध्याकाळी २३० व्होल्टच्या जागी १८० भेटले तरी नशीब. पंखा रडत फिरे, पंपाची मोटार उठता उठत नसे आणि शेवटी जळे. मोटार रिवाइंड करून देणाऱ्याचं दुकान मात्र चाले. विजेचा एक साधा नियम यात आहे. तारेत वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते: प्रवाह दुप्पट, तर तोटा चौपट. म्हणून एका मोठ्या डीपीवरून लांबच लांब लाइन ओढण्याऐवजी ११ हजार व्होल्टची केबल वस्तीच्या पोटात आणून तिथे लहान डीपी बसवला, तर त्याच घरांना तेवढीच वीज देताना तोटा बराच उतरतो. उघड्या तारेच्या जागी पिळाची, आवरण असलेली एबी केबल आली की आकडा टाकायला जागा उरत नाही. आणि केबलचा फेरा असा बांधला की एका बाजूने फीडर पडला तरी दुसऱ्या बाजूने पुरवठा घेता येतो, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत बाजार बंद ठेवावा लागत नाही. यातलं काहीही उद्घाटनाच्या फोटोत चांगलं दिसत नाही. पण माझ्या पाहण्यात गांधीबागच्या धंद्याला सगळ्यात जास्त पैसा याच कामांनी वाचवून दिला.

न्यूट्रल तुटण्याचा प्रकार ज्याने भोगला आहे त्याला अशा कामांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रलचा जोड सैल झाला की काही घरांत व्होल्टेज एकदम पडतं आणि शेजारच्याच घरांत तीनशेच्या वर चढतं. एका उन्हाळ्यात आमच्या एका गल्लीत असं झालं. फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीनच्या मोटारी, सगळं एका संध्याकाळी गेलं. पिको-फॉल करणाऱ्या एका ताईंची दोन्ही मशीनं त्यात होती, आणि सणाच्या साड्या शिवून द्यायच्या राहिल्या होत्या. त्यांचं नुकसान कुठल्याही अहवालात आलेलं नाही. जोड नीट दाबून बसवायचा, वर्षातून एकदा तपासायचा, एवढंच काम होतं ते.

सोलर गांधीबागेत आलं ते या अशा जाळ्यावर आलं, आणि ही गोष्ट पॅनल विकणारे क्वचितच सांगतात.

फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना आणली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. नागपूरच्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. तीन किलोवॅटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास होतात. मध्यमवर्गीय कुटुंबाचा मेपर्यंतचा कूलर त्यात निघतो. वापरून उरलेलं युनिट महावितरणच्या जाळ्यात जातं आणि नेट मीटरवर नोंदून बिलातून वजा होतं. अनुदान धरून घातलेला पैसा चार-पाच वर्षांत वसूल होतो, आणि पॅनल तर पंचवीस वर्षांच्या हमीचं असतं. हा हिशेब खरा आहे, मी तो अनेक घरी कागदावर मांडून दिलेला आहे.

पण लावून झाल्यावर पहिल्या पावसाळी संध्याकाळी नाही, पहिल्या उन्हाळी दुपारी फोन येतो. "काहून भाऊ, ऊन एवढं कडक, सोलर लावलं, तरी आमची लाइट गेली?" मग समजावून सांगावं लागतं. जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर जाळ्यातली वीज गेली की मुद्दाम बंद होतो. तो सुरू राहिला तर त्याची वीज उलटी डीपीकडे जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. दुसरा त्रास आणखी सूक्ष्म आहे. लांब आणि बारीक लाइनच्या शेवटी चार-पाच घरांनी पॅनल लावले की दुपारी बारा ते दोन तिथलं व्होल्टेज वर चढतं, आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर आपोआप सुटतो. ऊन सगळ्यात जास्त असतानाच निर्मिती थांबते. ज्या लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज पडत होतं, तिच्याच शेपटाला आता दुपारी ते चढतं. आजार एकच आहे, आणि त्याला औषध जाड केबल आणि जवळचा डीपी हेच आहे. सोलरला अनुदान देऊन जाळं जुनंच ठेवलं तर सरकारचा आणि घरमालकाचा असा दोघांचाही पैसा दुपारी वाया जातो.

गांधीबागेत तिसरी अडचण छताची आहे. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. इथे तीन मजली जुन्या घराला चार मजली नवं घर चिकटलेलं. सकाळी एकाची सावली, दुपारनंतर दुसऱ्याची. गच्ची भावाभावांत वाटलेली, त्यावर पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचा टॉवर. खालचा गाळेवाला पिढ्यान्पिढ्या भाडेकरू. बिल त्याचं, छत दुसऱ्याचं. घरगुती अनुदान त्याला लागू नाही. निवासी सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, तशी काही वाट या जुन्या बाजारांसाठी काढायला हवी. दुसरीकडे लावलेल्या पॅनलमधला हिस्सा घेऊन तो आपल्या बिलात वळता करायची सोय झाली, तर इथला प्रत्येक गाळा यात येऊ शकतो. नाहीतर मोकळी गच्ची असलेल्यांचं बिल उतरेल आणि दाटीतला माणूस तसाच राहील.

आता मजुरीकडे येतो, कारण माझं मन तिथे जास्त गुंतलेलं आहे.

सूर्यघर योजनेतून सुमारे १७ लाख लोकांना थेट काम मिळेल असा सरकारचा अंदाज आहे. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांच्या अभ्यासात असं दिसलं होतं की मोकळ्या जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पाच्या मानाने छतावरच्या कामाला मेगावॅटमागे साधारण सातपट मनुष्यबळ लागतं. कागदावर वाचून हा आकडा कोरडा वाटेल. मला तो जिन्यात दिसतो. शेतात लावायचं पॅनल ट्रॅक्टरने खांबापाशी जातं. गांधीबागेत सेंट्रल ॲव्हेन्यूवर गाडी थांबवावी लागते, पॅनल हातगाडीवर आत आणावं लागतं, आणि मग अडीच फुटी जिना. २८-३० किलोचं, सात फुटांहून लांब काचेचं पॅनल वळणावर अडकतं. तेव्हा बाहेरून दोर लावून वर घ्यायचं: दोघे वर, दोघे खाली, एक मधल्या गॅलरीत. दाटीची वस्ती आहे म्हणून मजुरी जास्त, आणि ती मजुरी इथेच राहते.

पैसा कुठे कुठे जातो हे मी मुद्दाम बघतो. पॅनल आणि इन्व्हर्टरचा मोठा हिस्सा शहराबाहेर जातो. अनुदानासाठी देशात बनलेलंच पॅनल लावायची अट आहे, त्याने भाव थोडा चढतो. मला ती अट योग्य वाटते, कारण कारखान्यातलं कामही आपल्याच माणसांना मिळायला हवं. स्ट्रक्चरचं लोखंड इतवारीच्या लोहा ओळीतून, कापून भोकं पाडून देणारा तिथलाच. केबल, पाइप, अर्थिंगच्या सळया, सिमेंटचे ठोकळे, हातगाडी, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. पूर्वी जनसेटवर खर्च केलेला रुपया संध्याकाळपर्यंत शहर सोडून जायचा. हा थोडा तरी फिरतो.

माझ्याकडे येणारी मुलं वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत. दोघे श्रद्धानंदपेठच्या आयटीआयतून, एक वीजतंत्री, एक तारतंत्री. एकाने २०१५पासून सुरू झालेलं सूर्यमित्र प्रशिक्षण घेतलं आहे. एक कोराडीकडचा वेल्डर. औष्णिक केंद्रात बॉयलरच्या वार्षिक दुरुस्तीच्या कामांवर त्याचा हात बसलेला. त्याला पहिल्यांदा शिकवावं लागलं ते वेल्डिंग न करणं. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर वेल्डिंग केलं की जस्त जळतं आणि दोन पावसांत तिथून गंज धरतो. इथे सगळं नट-बोल्टवर. त्याने ते पटकन उचललं, आणि बोल्ट किती आवळायचा याची त्याची समज आज सगळ्यांत पक्की आहे. एक मुलगी आहे, डिप्लोमा झालेली. छताचं माप, सावलीचा हिशेब, पोर्टलवरचे अर्ज, नेट मीटरचा पाठपुरावा ती बघते, आणि हार्नेस घालून वर काम तपासायलाही जाते. पहिल्या वर्षी घरमालक तिला टाळून माझ्याशी बोलत. आता मला फोन करून म्हणतात, "भाऊ, मॅडमलाच पाठवा."

आणखी एकजण मीटर रीडिंग करायचा. नव्या मीटरचं वाचन दुरूनच होतं, तेव्हा त्याचं काम आटत जाणार हे स्पष्ट होतं. २०२४मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरविरुद्ध नागपुरात आंदोलनं झाली तेव्हा लोक बिलाच्या भीतीबद्दल बोलत होते. या रीडिंग करणाऱ्या पोरांबद्दल फारसं कोणी बोललं नाही. सुधारणेने काम जातंही, हे मान्य करूनच बोलायला हवं. त्या मुलाला विजेचं शिक्षण नव्हतं, पण प्रत्येक जिना, प्रत्येक मीटरची पेटी आणि कोणत्या घरी कोणत्या वेळी माणूस भेटतो, हे त्याला माहीत होतं. मला असाच माणूस हवा होता, तो निगराणीसाठी.

कारण पॅनल लावणं हे दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि पॅनलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं. मधल्या काळात काय होतं? नागपूरचा मे महिना. पारा ४५च्या पुढे, तेव्हा पॅनलची पाठ ६५-७० अंशांवर जाते, आणि पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे निर्मिती साधारण ०.३७ टक्क्याने घसरते. म्हणजे कडक उन्हात पंधराएक टक्के कमी. ते आपल्या हातात नाही. हातात आहे ती धूळ. सेंट्रल ॲव्हेन्यूवर मेट्रोचं काम चालू होतं, डिसेंबर २०२२मध्ये ती प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली, त्या बांधकामाच्या काळात काचांवर राखाडी थर बसे. आता रस्त्याची धूळ बसते आणि कबुतरं बसतात. पॅनलखालची सावली त्यांना घरट्यासाठी फार आवडते. एका पॅनलवर साचलेली घाण त्या रांगेतल्या सगळ्यांची निर्मिती खाली ओढते. वळवाच्या वादळात बोल्ट ढिले होतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घातलं नाही तर ते असून नसल्यासारखं. डीसी बाजूचा एखादा कनेक्टर नीट दाबलेला नसेल तर तिथे ठिणगी धरते, आणि खाली कापडाच्या गठाणी असतात. गांधीबागेत आगीचा विचार करताना झोप उडते.

अनुदान मात्र किलोवॅट बसवण्यावर मिळतं. बसवलेला किलोवॅट पाचव्या वर्षी किती वीज देतो, यावर कोणाचंही पोट अवलंबून नाही. म्हणून काही बसवणारे दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत आणि घरमालकाला वाटतं, सोलरच खोटं. माझं ठाम मत आहे की या क्षेत्रातला टिकाऊ रोजगार निगराणीत आहे. बसवण्याचं काम योजनेबरोबर चढेल आणि योजनेबरोबर उतरेल. शहरातली सोयीची छतं एक दिवस संपतील. पण हजारो छतांवरची धुणी, तपासण्या, इन्व्हर्टरची दुरुस्ती, दहा-बारा वर्षांनी त्याची बदली, हे काम दर वर्षी उगवणारं आहे आणि ते बाहेरगावाहून येऊन कोणी करू शकत नाही. त्यासाठी जवळचाच माणूस लागतो.

रोजगाराचं बोलताना इथे कोळसा विसरून चालत नाही. कोराडीच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, खापरखेडा आहे, भोवती वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. नागपूर जिल्ह्यातली कितीतरी घरं कोळशावर उभी आहेत आणि ती अजून बरीच वर्षं राहतील. गांधीबागचा रात्रीचा दिवाही त्याच विजेवर लागतो. मी कोळशाच्या कामगाराला हिणवून सोलर विकत नाही. पण त्यांच्या पुढच्या पिढीला काम हवं असेल तर ते महिनाभर पोसून सोडून देणारं असून चालणार नाही. माझ्याकडच्या वेल्डरच्या वडिलांनी मला एवढंच विचारलं होतं, "पगार बारा महिने भेटते का?" त्या वेळी मला सरळ हो म्हणता आलं नाही.

त्यानंतर आम्ही प्रत्येक कामाच्या कागदात पाच वर्षांची निगराणी वेगळ्या किमतीने लिहू लागलो. पंधरवड्याला धुणी, मे आणि ऑक्टोबरमध्ये बोल्ट आणि अर्थिंगची तपासणी, निर्मितीचा आकडा घरमालकाच्या मोबाइलवर. आमचा भाव त्यामुळे इतरांपेक्षा वर दिसतो आणि काही कामं हातची जातात. जी मिळतात त्यांतल्या घरांची यादी आता एवढी झाली आहे की रीडिंग करणारा तो मुलगा आणि त्याच्या हाताखालचा एकजण पूर्ण महिना त्याच गल्ल्यांत फिरतात. सरकारला माझं सांगणं आहे की अनुदानाचा थोडा हिस्सा तिसऱ्या आणि पाचव्या वर्षीच्या निर्मितीचा आकडा बघून द्यावा. इन्व्हर्टरमध्ये तो आकडा नोंदलेला असतोच. आणि प्रत्येक डीपीवर किती किलोवॅट सोलर बसलं, हे पाहून तिथली केबल बदलण्याचा क्रम ठरवावा. लाइनमनला हे माहीत असतं, त्याला विचारलं की कळतं.

वेल्डर यंदा तारतंत्रीच्या परवान्याच्या तयारीला लागला आहे. डिप्लोमावाली मुलगी त्याला दुपारच्या सुट्टीत तीन फेजचे हिशेब शिकवते. परवाना मिळाला की महालच्या बाजूची घरं त्याच्याकडे सोपवायची असं आमचं ठरलं आहे, बारा महिन्यांच्या पगारावर.